जिवंत मरळ घरी नेण्याचे नियम

जिवंत मासा घरी कसा न्यावा याचे माझ्या मामाचे काही नियम आहेत आणि ते आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ आहेत. लग्नाच्या पंगतीत मामाच्या शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही ते ऐकावे लागतात. पहिला, ज्या तळ्यातला मासा त्याच तळ्यातलं पाणी. नळाचं पाणी म्हणजे माशाला फिनेल. दुसरा, मरळ असेल तर भांडं निम्मंच भरायचं, कारण मरळ वर येऊन हवा घेते. काठोकाठ भरून झाकण लावलं तर ती पाण्यात बुडून मरते. मासा बुडून मरतो म्हटल्यावर ऐकणारा हसतो, आणि मामाला तेच हवं असतं. मग वाटेत चहाला थांबायचं नाही, झाकण उघडून सारखं बघायचं नाही. आणि शेवटचा नियम, माशासमोर मसाल्याचं नाव काढायचं नाही. "त्येला कळतंय," मामा म्हणतो. "जीव सोडतंय ते."

झाकण न उघडण्याचा नियम मामा स्वतः सारखा मोडतो.

हे सगळे नियम मामीमुळे तयार झाले. मामीच्या घरात मरळ शिजते ती जिवंत आली असेल तरच. मामा मासा घेऊन आला की मामी परात पुढं ओढते, मरळ त्यात सोडायला लावते आणि कमरेवर हात ठेवून उभी राहते. मरळ हलली तर ती खोबरं भाजायला घेते. नाही हलली तर म्हणते, "शेजारच्यास्नी द्या जावा." फौजेतून निवृत्त झाल्यापासून मामाने पकडलेल्या निम्म्या मरळी शेजाऱ्यांनी खाल्ल्या आहेत. शेजारी मामाला फार मान देतात.

मामाचं गाव कुंडलजवळ आहे आणि तो ज्या तळ्यावर जातो ते कडेगावच्या पलीकडे. तिथं नियम बरोबर उलटा आहे. तळ्यातले मासे मच्छीमारांच्या सोसायटीचे. गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांना सोसायटी हंगामाचा पास देते आणि पासवरच छापलेलं आहे, पकडलेला मासा जिवंत बाहेर न्यायला सक्त मनाई. कारण लोक खाण्यासाठी म्हणून मासे नेत आणि आपापल्या शेततळ्यात सोडत. तेव्हा बांधावरून खाली येताना राखणदार पिशवी उघडून बघतो. मासा मेलेला असेल तर जाऊ देतो. म्हणजे राखणदार मेलेलाच मासा सोडणार आणि मामी जिवंतच मासा घेणार. या दोघांच्या मधला सगळा रस्ता मामाचा.

मामाने त्यावर उपाय शोधला होता, दुधाची किटली. आमच्या भागात माणसाच्या हातात दुधाची किटली दिसली तर कुणी वळूनही बघत नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी साताऱ्यात इंग्रजी शाळेत शिकले. सुट्टीत मामाच्या गावी गेले की मी फारशी बोलत नसे, आणि मला मराठी समजत नाही असं समजून लोक माझ्यासमोर काहीही बोलत. त्यामुळे त्या गावातल्या बऱ्याच गोष्टी मला आहेत त्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. सध्या मी सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. तिथं माणसांशी बोलावं लागत नाही, त्यांच्या हिमोग्लोबिनशीच संबंध येतो. राहायला एका जैन काकूंच्या घरी वरची खोली आहे. एक खोली, एक खिडकी, एक कॉट. एवढी जागा फक्त माझी असावी, ही माझी आयुष्याकडून असलेली मोठी मागणी आहे.

त्या खोलीत मामी राहायला आली आणि जाईना.

झालं असं, की मामीच्या पित्ताशयात खडे झाले आणि सांगलीच्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. शुक्रवारी सकाळी मामाने तिला आपल्या जुन्या व्हॅनमधून आणलं, सगळीकडे सह्या केल्या, तिची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "जरा गाडीत तेल टाकून येतो."

तो संध्याकाळी आला. ऑपरेशन झालं होतं, मामी शुद्धीवर आली होती. मामा दारात उभा राहिला. त्याच्या चपलांना चिखल होता आणि दवाखान्याच्या पांढऱ्या फरशीवर लिफ्टपासून मामीच्या कॉटपर्यंत पावलं उमटली होती. मामीने डोळे पूर्ण उघडले नव्हते, पण पावलं तिला दिसली.

"तेल टाकायला कडेगावला गेला हुता?" तिने विचारलं.

मामाने चपला काढून हातात घेतल्या. मी खिडकीबाहेर बघू लागले.

दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी मामा व्हॅन घेऊन खाली थांबला होता. मामी माझा हात धरून जिना उतरली, व्हॅनच्या शेजारून गेली आणि रिक्षात बसली. "मी हिच्याकडं ऱ्हाणार. ह्यांस्नी म्हणावं, तळ्यावरच छप्पर घाला."

मामीच्या राहण्याला काकूंनी हरकत घेतली नाही. आजारी माणूस आहे, राहू दे, म्हणाल्या. त्यांच्या घरात मांस, मासे, अंडी येत नाहीत. खोली देताना त्यांनी मला ते एकदाच सांगितलं होतं, आणि ज्या आवाजात सांगितलं त्यावरून दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही हे मला कळलं होतं. शिवाय कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि जेवण सूर्य मावळायच्या आत. मामी संध्याकाळी सहाला मुगाची खिचडी जेवायची आणि साडेआठला छताकडे बघत म्हणायची, "आत्ता आपल्याकडं भाकरी थापत असत्यात."

पण काकूंची आणि तिची गट्टी जमली. दुपारी दोघी मिळून शेंगा फोडायच्या आणि नवऱ्यांबद्दल बोलायच्या. मामीचा आजार बरा होत होता, राग मात्र रोज ताज्या शेंगांवर वाढत होता. रात्री मी खाली चादर टाकून झोपायची. मामी घोरायची. माझ्या खिडकीत तिचं लुगडं वाळायचं.

गावाकडून मामा रोज फोन करायचा. मामी फोन घेत नसे. तेव्हा तो माझ्याशी बोलायचा, म्हणजे तो बोलायचा आणि मी हं म्हणायची.

"काय म्हणती?"

"काही नाही."

"येती का घरी?"

"नाही म्हणते."

 मग एक दिवस तो म्हणाला, "मरळ आणतो."

मी म्हटलं, "मामा, ती तुझ्या मासे धरण्यावरच चिडली आहे."

"व्हय की. म्हणून तर. जिवंत आणतो. एवढी मोठी आणतो. टाक्यांना मरळीचा रस्सा लय चांगला, जखम भरती. तिला दाखवायची, किटलीत हलती बघितली की ती गप गाडीत बसंल. मग घरी जाऊन रस्सा."

गळ टाकायला गेल्याबद्दल माफी मागायची म्हणून गळ टाकायचा, ही कल्पना फक्त माझ्या मामालाच सुचू शकते. पण माझ्याकडे दुसरी कल्पना नव्हती आणि मला माझी कॉट परत हवी होती.

"तू ये रविवारी," मामा म्हणाला. "किटली मांडीवर धरायला माणूस लागतंय. गतिरोधकावर पाणी उसळतं. आन तुझ्यासारखं गप बसणारं दुसरं कोण हाय आपल्यात?"

रविवारी सकाळच्या एसटीने मी गेले. मामा फाट्यावर व्हॅन घेऊन उभा होता. तळ्यावर पोचलो, तो काठाच्या गवताजवळ बसला आणि माझ्याकडे पाठ करून कामाला लागला. मी बांधावर बसून राहिले. मासे धरणं म्हणजे मुख्यतः माणसाच्या पाठीकडे बघणं असतं. ऊन चांगलंच वर आलं तेव्हा मामाचा हात एकदम ताठ झाला, दोरी सरसरली आणि मग एक काळी, लांब, अंगावर सापासारखी नक्षी असलेली मरळ गवतावर येऊन पडली. मामाने तिला ओल्या पोत्यात धरून किटलीत सोडलं. किटली आधीच निम्मी तळ्याच्या पाण्याने भरलेली होती. वर ओलं फडकं, त्यावर झाकण तिरकं.

"आता चल. निवांत चालायचं. दुधाची किटली हाय, दुधासारखं तोंड कर."

दुधासारखं तोंड कसं करतात हे मला अजूनही माहीत नाही. मी व्हॅनमध्ये बसले, किटली मांडीवर घेतली. बांध उतरताना राखणदाराने शिट्टी मारली. पन्नाशीचा माणूस, डोक्याला टॉवेल बांधलेला. मामा फौजेत हवालदार होता, पण आमच्याकडे निवृत्त फौजी कुणीही असो, मेजरच.

"काय मेजर, घावलं का काय?"

"कुठलं काय. सकाळपासून मोकळा."

"किटलीत काय?"

"दूध. पावण्यांकडं घालायचंय. ही भाची माझी."

राखणदार खिडकीशी आला. त्याच क्षणी किटलीत आतून धप्प असा आवाज झाला. मरळीने शेपटी मारली होती. किटली माझ्या मांडीवर थरथरली. मामाने समोर बघत स्टिअरिंग घट्ट धरलं. राखणदार किटलीकडे बघू लागला.

मी बोलायला लागले.

काय होतंय ते मलाच कळत नव्हतं. मी त्याला माझं नाव सांगितलं. साताऱ्याची शाळा सांगितली. शाळेत किती मजले होते, कुठल्या मजल्यावर कुठला वर्ग होता. आतून पुन्हा धप्प झालं तेव्हा मी आवाज वाढवला आणि लॅबची माहिती सुरू केली. उपाशीपोटी रक्त आणि जेवणानंतरचं रक्त यातला फरक सांगितला. त्याला साखरेची तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्यायला सांगितलं. तो माणूस आधी किटलीकडे बघत होता, मग माझ्याकडे बघू लागला आणि शेवटी मामाकडे अशा नजरेने बघू लागला की मामाबद्दल त्याला वाईट वाटत असावं.

"जावा, जावा," तो म्हणाला. "उशीर हुईल पोरीला."

बांध मागे पडल्यावर मामा म्हणाला, "मी तर तुला गप बसणारी समजत हुतो." त्याच्या आवाजात आदर होता. मला घाम फुटला होता. एवढं मी त्याआधी सलग कधी बोलले नव्हते, लॅबच्या मुलाखतीतसुद्धा नाही.

सांगलीपर्यंत आम्ही चहाला थांबलो नाही. झाकण मामाने चारदा उघडलं. कुठल्याशा सिग्नलला तो म्हणाला, "घरी गेलो की खोबरं, आलं, लसूण," आणि लगेच जीभ चावून किटलीकडे बघितलं. "आयकलं न्हाई तिनं."

काकूंच्या घरी वरच्या खोलीचा जिना अंगणातून जातो. बेत असा होता की मी किटली घेऊन गुपचूप वर जायचं, मामीला झाकण उघडून दाखवायचं आणि तशीच किटली आणि मामी दोन्ही खाली आणून व्हॅनमध्ये घालायची. माशाने काकूंच्या घराला पाय लावायचा नाही, असं मामा म्हणाला होता.

अंगणात काकू तुळशीशी उभ्या होत्या.

"अगं बाई, गावाकडचं दूध! म्हशीचं का? दे इकडं, ऊन केवढं आहे, नासेल ते. आधी तापवून ठेवते."

त्यांनी माझ्या हातातून किटली घेतली. इथं कुणीही दुसरी मुलगी असती तर काहीतरी बोलली असती. पण माझं वर्षभराचं बोलणं सकाळीच बांधावर संपलं होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मामा व्हॅन लावत होता. काकू आत गेल्या आणि मी त्यांच्यामागे धावले, तोवर त्या स्वयंपाकघरात पोचल्या होत्या. गॅसवर पातेलं होतं. काकूंनी झाकण काढलं, फडकं बाजूला केलं आणि किटली पातेल्यात रिकामी केली.

मरळ पातेल्यात आली. पातेलं तिला पुरेना. शेपटी बाहेर, डोकं बाहेर, आणि ती काकूंकडे बघत होती.

काकू ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एकदम शांत झाल्या. मी मनातल्या मनात माझी पुस्तकं खोक्यात भरायला घेतली.

मग मरळीने उडी मारली. ओट्यावरून खाली, खालून डब्यांच्या मागे. तेवढ्यात मामा दारात आला आणि त्याने एका नजरेत सगळं ओळखलं.

"ओलं फडकं द्या!" तो ओरडला. "पाणी, बादलीत पाणी! नळाचं नको!"

"आमच्याकडं नळाचं कुणी घेतच नाही," काकू म्हणाल्या. "सगळं गाळलेलं असतं." आणि त्यांनी प्यायच्या पाण्याची कळशी बादलीत ओतली. मामा पोटावर पडून डब्यांमागे हात घालत होता. काकू वाकून त्याला सांगत होत्या, "हळू, भाऊजी, हळू. कल्ल्यात बोट जाईल. अहो, दमानं धरा, तिला लागेल."

मरळ बादलीत पडली, वर आली आणि तिने हवा घेतली. काकूंनी छातीवर हात ठेवला.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या.

एवढ्यात आवाज ऐकून मामी जिना उतरून खाली आली. ती दाराला टेकून उभी होती, पोटावर उशी धरून. ओल्या फरशीवर पालथा पडलेला नवरा, हातात कळशी घेतलेल्या काकू, बादलीतली मरळ आणि कोपऱ्यात मी. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "हसवू नगासा," ती म्हणाली, "टाकं तुटत्याल."

"तुझ्यासाठी आणली," मामा फरशीवरूनच म्हणाला. "जिवंत हाय बघ. रस्सा..."

"भाऊजी," काकू म्हणाल्या, आणि मामा गप्प बसला. त्याने फौजेत अधिकाऱ्यांचे आवाज ऐकले होते आणि हा आवाज त्याला ओळखता आला. "हा जीव माझ्या घरात जिवंत आला. माझ्या हातचं पाणी प्याला. आता त्याला कुणी मारायचं नाही. परत सोडून यायचं."

मामाने मामीकडे बघितलं. मामी दुसरीकडे बघत होती.

"बरं," मामा म्हणाला. "हितं कृष्णा जवळच हाय. पुलावरनं..."

"कृष्णेत कशाला? ती कृष्णेतली आहे का?" काकूंना आश्चर्य वाटलं. "आम्ही पाणी गाळतो ना, गाळण्याला जे जीव चिकटतात तेसुद्धा ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत नेऊन सोडतो. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात. तुमच्या तळ्यातच नेऊन सोडा."

मामाच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. कडेगाव लांब होतं म्हणून नाही. काकूंना राखणदार माहीत नव्हता.

"सोडतो की," तो पुटपुटला.

"सोडत्यात!" मामी त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याबद्दल बोलली. "तेल टाकायला म्हणून गेल्यालं माणूस हाय हे. पुलावर गाडी थांबवत्याल, किटली उपडी करत्याल आन घरी जाऊन झोपत्याल. मी येते संगं. डोळ्यांनी बघते, तवा खरं." मग माझ्याकडे वळून, "पिशवी हितंच ऱ्हाऊदे माझी. मी माघारी येणार हाय. तू बी चल, किटली धरायला."

ते पातेलं काकूंनी नंतर मला देऊन टाकलं. मी त्यात भात करते.

व्हॅनमध्ये मामी पुढे, मी मागे, मांडीवर किटली. मामीने उशी पोटाशी धरली होती. तासगाव मागे पडलं. मग मामी म्हणाली, "झाकण वाईच उघड. हवा घेती का बघ." मी बघितलं. घेत होती. थोड्या वेळाने मामी पुन्हा म्हणाली, "बघ." मामाने आरशातून माझ्याकडे बघितलं. नियमाबद्दल त्याने काही म्हटलं नाही.

तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मामाने व्हॅन बांधाच्या या टोकाला, झुडपाआड लावली. मामी काच खाली करून बसली. मी किटली घेऊन मामाच्या मागे काठापर्यंत गेले. मामाने बाही वर केली, आणि शिट्टी वाजली.

राखणदार चालत आला. सावकाश, टॉवेल बांधत.

"काय चाललंय मेजर?"

"किटली धुतोय."

राखणदाराने वाकून किटलीत बघितलं. मरळीने त्याच्याकडे बघितलं.

"ही सोडायची न्हाई," तो म्हणाला. "भाईरचा मासा तळ्यात सोडायला मनाई हाय. मागं कुणीतरी हौसेनं मांगूर मासं आणून सोडलं, निम्मी पिल्लं खाल्ली त्यानं. कुठली ही? कुणाच्या शेततळ्यातली?"

"भाईरची न्हाई. हितलीच हाय."

"हितली? मग जिवंत भाईर कशी गेली?"

मामाने तोंड उघडलं. त्याच्यापाशी दोनच उत्तरं होती. बाहेरची म्हटलं असतं तर मासा सोडता आला नसता, पण पास वाचला असता. वाटेत कृष्णा होतीच, आणि राखणदारानेच नाही म्हटल्यावर मामीलाही काही बोलता आलं नसतं. त्याने वळून व्हॅनकडे बघितलं. मामीने खिडकीतून हात बाहेर काढून कोपर टेकवलं होतं आणि ती सिनेमा बघावा तशी बघत होती.

मामा सरळ उभा राहिला. "मी नेली. सकाळी. किटलीतनं."

राखणदार माझ्याकडे वळला. "आन ही? सकाळी साखरंचं, रक्ताचं एवढं सांगत हुती, ते ह्यासाठीच व्हय? मी घरी जाऊन मंडळीला म्हटलं, उद्या तपासून घ्यायला जातो म्हणून."

मी म्हटलं, "तपासून घ्याच."

"दे पास," तो मामाला म्हणाला. मामाने शर्टाच्या खिशातून प्लास्टिकमध्ये घातलेला पास काढला आणि दिला. नंतर मासा सोडला त्यापेक्षाही हे त्याने जास्त हळू केलं. "हंगाम संपंस्तोवर हिकडं फिरकायचं न्हाई. तुमी असं कराल असं वाटलं न्हवतं, मेजर. तरी त्या शुक्रवारीच मला कळायला पायजे हुतं की काईतरी बिघडलंय. दिसभर बसला हुता, गळ पाण्यात न्हाईच! गळ मांडीवर. मी म्हटलं, मासं धरताय का ध्यान लावताय? तर म्हणला, मंडळीला आत चिरायला घेतलंय, मला तिथं बसवंना."

हे तो मामाला सांगत होता, पण त्याचा आवाज बांधावर ओरडून तयार झालेला होता. व्हॅनपर्यंत सहज पोचला.

मामाने पटकन खाली बसून किटली तिरकी केली. मरळ पाण्यात गेली, पण लगेच निघाली नाही. काठाशीच, गढूळ पाण्यात, कल्ले हलवत थांबली. मामाने पाण्यावर हलकेच हात मारला. "जा की आता." मग ती नव्हती.

आम्ही परत व्हॅनमध्ये बसलो. मामाने किल्ली फिरवली, गाडी चालू झाली नाही, पुन्हा फिरवली.

"मग तसं सांगायचं की," मामी समोर बघत म्हणाली. "बसवंना म्हणून. मी काय धरून ठेवलं असतं?"

"तू आत हुतीस."

"आत जायच्या आदी सांगायचं."

"आदी सांगितलं असतं तर तू भ्याली असतीस."

"मी भ्यालेलीच हुते!"

मामाने तिच्याकडे बघितलं. "मला काय म्हायती? तू तर त्या नर्सला दागिनं कुठं ठेवायचं ते इचारत हुतीस."

"मग काय रडत बसू? डाक्टरसमोर?"

गाडी चालू झाली.  मागे रिकाम्या किटलीतलं उरलेलं पाणी माझ्या पंजाबी ड्रेसवर सांडलं होतं आणि मला माशाचा वास येत होता. उसाच्या गाड्यांमागून आम्ही हळूहळू जात होतो. एक गतिरोधक आला तेव्हा मामाने गाडी जवळजवळ थांबवून, मग एकेक चाक उतरवलं. मामीने उशी घट्ट धरली.

कुंडलच्या अलीकडच्या फाट्यावर मामाने व्हॅन कडेला घेतली. डावीकडे त्यांच्या वस्तीचा रस्ता, सरळ गेलं की सांगली. त्याने इंडिकेटर लावला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसला.

"कुठं?" त्याने विचारलं.

 मामी मागे वळली, पण मामाकडे नाही, माझ्याकडे.

"तू हितं उतर," ती म्हणाली. "हितनं सांगलीची गाडी मिळंल तुला."

मी उतरले. दार लावताना मामीचा आवाज आला, "घरात कोथिंबीर तरी हाय का, का ती बी शेजाऱ्यांनी नेली?" आणि मामाचं, "आवाज करू नगं, टाकं दुखत्याल." व्हॅन डावीकडे वळली. मी हात हलवला, पण दोघांपैकी कुणीच मागे बघितलं नाही. त्यांचं भांडण सुरू झालं होतं.